गाठी सुटेपर्यंत

बांधावर उभं राहून एक श्वास ओढला, की कोणत्या शेतात काय फवारलंय आणि त्याला किती दिवस झालेत हे सांगणारी बाई त्या सगळ्या भागात एकच होती. निंदणीच्या टोळीची मुकादमीण. तिच्या हाताखाली तेरा बायका. समोर तिला सगळ्या मुकादमीणबाई म्हणायच्या, मागे मात्र तिचं नाव नाक. सकाळी शेताच्या कडेला डबे ठेवता ठेवता एकमेकींना विचारायच्या, आज नाक काय म्हणतंय? नाक म्हणालं, चला, की तेरा जणी गव्हात. नाक म्हणालं, नको, की दुसऱ्या शेताकडे मोर्चा. वीस हंगाम असेच गेले. तिलाही ते नाव ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

काम तण काढायचं, पण गव्हातलं तण म्हणजे मोठं लबाड. पान गव्हासारखं, उंची गव्हासारखी, वारा आला की डुलायचंही गव्हासारखंच. फक्त बुडाशी हात घातला की देठ लालसर दिसतो. म्हणून कमरेत वाकायचं, नाक गव्हाच्या पातीला लागेपर्यंत वाकायचं, बुडाशी बोटं न्यायची, लाल दिसलं की मुळासकट ओढायचं. प्रत्येकीला एकेक पट्टा वाटून दिलेला, त्याला पात म्हणायचं. आपल्या पातीत निघालेलं गवत आपलं, हा टोळीचा जुना कायदा. संध्याकाळी त्याचा भारा बांधायचा, डोक्यावर घ्यायचा आणि घरी गोठ्यात टाकायचा. कुणाची शेळी, कुणाची म्हैस, त्या भाऱ्यावर पोसलेली. निंदणीला बायका येतात त्या मालकासाठी कमी आणि भाऱ्यासाठी जास्त, असं मुकादमीणच म्हणायची.

मागच्या हंगामात ते नाक चुकलं.

फवारणी करणारा म्हणजे तिचाच धाकटा दीर. पाठीवर पंप घेऊन गावभर फिरायचा. दंडापर्यंत उघडा हात टाकीत घालून औषध ढवळायचा, तोंडाने फुंकून तुंबलेली जाळी मोकळी करायचा आणि आपल्याला काही होत नाही म्हणून छाती फुगवायचा. त्या दिवशी त्याने तीन शेतं मारली होती. घरी येऊन एवढंच म्हणाला होता की नवीन औषध आलंय, बिनवासाचं, अगदी साधं. ज्याला वास नाही ते साधं, हे त्याचंही गणित आणि तिचंही. सकाळी ती बांधावर उभी राहिली, श्वास ओढला, ओल्या मातीशिवाय काही आलं नाही, आणि ती म्हणाली, चला.

दव पडलेलं. बायका कमरेपर्यंत भिजल्या. तिच्या धाकट्या जावेला कडेची पात आली होती, म्हणजे पंपवाला जिथे वळतो आणि औषध दोनदा पडतं तीच. पंपवाला तिचा नवराच. तास-दीड तासाने जाऊ सरळ उभी राहिली, म्हणाली, मला घाम का येतोय गं एवढा, आणि खाली बसली. मग तोंडाला लाळ, मग उलटी, मग हाताच्या बोटांत साप फिरावा तशी वळवळ. मालकाच्या ट्रॅक्टरवर घालून तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी सगळे कपडे काढून तिला साबणाने धुवायला लावलं, सुया टोचल्या आणि ती जरा शुद्धीवर आल्यावर मुकादमिणीला विचारलं की एवढ्या बायकांना फवारलेल्या शेतात घातलं कुणी? मुकादमीण खरी बोलली. म्हणाली, मी. वास आला नाही म्हणून.

"वासावरून विष ओळखता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग मीठ आणि साखर डोळ्यांनी ओळखत असाल."

दहा जणांसमोर कुणी कानाखाली मारली असती तरी तिला एवढं लागलं नसतं.

जाऊ चार दिवसांनी घरी आली. माणूस परत आलं, हात पूर्ण परत आले नाहीत. सुईत दोरा जाईना, विळा धरवेना, कप उचलला की निम्मा चहा बाहेर. तिने मोठ्या जावेला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट हसून म्हणायची, आता माझ्या हातचा चहा सगळ्यांनी बशीतूनच प्या, कप मी भरून देऊ शकत नाही. मुकादमीण हसायची नाही. तिने ठरवलं होतं की आपल्या टोळीतली बाई ओल्या विषात पुन्हा उतरणार नाही, मग टोळी राहो की मोडो. आणि टोळी मोडण्याचं भय खोटं नव्हतं. निंदणीला बाया मिळणं अवघड असलं तरी दोन गावं सोडून दुसरी एक टोळी होती, जी काहीही न विचारता गाडीत बसून यायची.

पाचव्या दिवशी ती औषधांच्या दुकानात गेली. दुकानदार गल्ल्यामागे बसून, बाटल्यांच्या शेजारीच डबा उघडून जेवत होता. ती म्हणाली, प्रत्येक औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, तो मला प्रत्येकी एक पाहिजे. दुकानदार म्हणाला, मावशी, कागद माल घेणाऱ्याला असतो, तुम्हाला निंदायचंय, तुमच्या काय कामाचा? ती दारातल्या पोत्यावर बसली. गिऱ्हाईक येत राहिलं आणि प्रत्येकाला ती शांतपणे सांगत राहिली की कागद मागतेय, देत नाहीत, काय लिहिलंय कुणास ठाऊक. दुपारपर्यंत दोन गिऱ्हाइकांनी बाटली हातात घेऊन परत ठेवली. मग दुकानदाराने नऊ कागद काढून दिले आणि हात जोडले. भिंतीवर शेती खात्याच्या माणसाने चिकटवलेला एक दहावा कागद होता, गव्हावरचा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, कसे मोजायचे त्याचा. जाता जाता तिने तोही मागितला. तोही मिळाला.

कागदांवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मुकादमीण चार यत्ता शिकलेली, जाऊ आठ. दोघी दुपारच्या उन्हात उंबऱ्यात बसल्या. जावेच्या हातात कागद थरथरायचा म्हणून तो जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांना चार खडे ठेवले आणि ती वाकून वाचू लागली. फवारल्यावर किती दिवस शेतात जायचं नाही. कापणीआधी किती दिवस फवारायचं नाही. त्या शेतातलं गवत जनावराला किती दिवस घालायचं नाही. सगळं लिहिलेलं होतं. इतकी वर्षं खोक्यात घडी होऊन पडलेलं आणि बांधावर पेटवायला वापरलेलं. एका औषधाला एक दिवस, एकाला दोन, त्या बिनवासाच्याला पाच.

मुकादमीण म्हणाली, हे तेरा जणींच्या लक्षात कसं राहायचं? नऊ औषधं, नऊ आकडे.

"वाचता सगळ्यांना येत नाही," जाऊ म्हणाली, "पण गाठ सोडता सगळ्यांना येते."

म्हणून ते फडकं आलं. जुन्या चादरीच्या लाल पट्ट्या फाडल्या. फवारणी झाली की पंपवाल्याने काठीला पट्टी बांधून बांधावर रोवायची आणि जेवढे दिवस, तेवढ्या गाठी मारायच्या. रोज सकाळी तिकडून जाणाऱ्या टोळीतल्या बाईने एक गाठ सोडायची. गाठ असेपर्यंत शेतात पाय नाही.

दिराने पहिल्यांदा ते हसण्यावारी नेलं. पहिल्याच शेतावर पट्टी बांधली आणि तिला एकच गाठ मारली, पण अशी घट्ट की दाताने सुटेना. म्हणाला, वहिनी, एकच आहे, पण पाच दिवस पुरेल. वहिनीने त्याला बांधावर उभं केलं आणि ती गाठ नखाने सोडवत बसली. अर्धा तास लागला. तेवढा वेळ तो पाठीवर रिकामा पंप घेऊन उभा होता आणि येणारा-जाणारा विचारत होता की काय झालं. ती प्रत्येकाला सांगायची, काही नाही, बायकोचे हात गेलेत, तरी याला अजून गंमत सुचतेय. त्यानंतर त्याने कधी गाठ चुकवली नाही. उघडा हात टाकीत घालणंही सुटलं. एक लांब काठी आली, मग कोपरापर्यंतचे हातमोजे आले. मात्र जाळी फुंकायची सवय जायला आणखी महिना गेला, कारण ती सवय हाताची नव्हती, तोंडाची होती, आणि त्याचं तोंड कुणाच्या ताब्यात कधीच नव्हतं.

खरी आग लागली ती भाऱ्यावरून. फडक्याला कुणाची हरकत नव्हती, पण कागदात लिहिलेला गवताचा आकडा शेतात जायच्या आकड्याहून मोठा होता. म्हणजे गाठी सुटल्यावर निंदायला जायचं, पण उपटलेलं गवत तिथेच टाकायचं. भारा नाही. टोळीत एक बाई होती, तिला सगळ्या कात्री म्हणायच्या, कारण तिच्या जिभेखालून कुणी अख्खं बाहेर आलेलं नव्हतं. तिच्या गोठ्यात दोन शेळ्या आणि एक गाभण म्हैस. ती भर पातीत सरळ उभी राहिली.

"तुझं नाक होतं तेव्हा बरं होतं," कात्री म्हणाली. "निदान ते भारा तरी नेऊ द्यायचं."

बाकीच्या हसल्या. मुकादमिणीने हातातलं गवत खाली टाकलं. तिने विचारलं की तुझ्या शेळीचं दूध कोण पितं? कात्री म्हणाली, नातवंड. मुकादमीण म्हणाली, मग ने भारा, मी अडवत नाही, पण आधी यातली एक काडी तू माझ्यासमोर चावून दाखव. कात्रीने काडी हातात घेतली. सगळ्या बघत होत्या. तिने ती बराच वेळ बोटांत फिरवली, मग म्हणाली, मी काय शेळी आहे का, आणि फेकून दिली. त्या दिवशी भारा कुणीच नेला नाही. पण दोन बायका दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. जाऊ घरी बसल्यापासून मुकादमीण धरून तेरा होत्या, त्यांच्या अकरा झाल्या. मुकादमिणीने त्यांच्या घरी जाऊन विनवण्या केल्या नाहीत. तिने बिनफवारलेल्या शेतांची आधी निंदणी धरली, म्हणजे निदान तिथला भारा घरी नेता यावा. त्यासाठी कुणी कधी फवारणार हे तिला आधी कळायला हवं होतं. ती शेतवाल्यांच्या दारोदार जाऊन विचारू लागली. लोक म्हणू लागले, हिचं नाक गेलं ते गेलं, आता सगळ्यांच्या शेतात खुपसतेय.

आता गिरणीवाल्याची गोष्ट.

गिरणीवाल्याची पिठाची गिरणी होती आणि त्या भागातलं सगळ्यात मोठं गव्हाचं शेतही त्याचंच. टोळीला तिथे दहा-अकरा दिवसांचं काम मिळायचं. ते गेलं तर हंगामच गेला. तशात त्याचा निरोप आला की उद्या संध्याकाळी सगळं शेत फवारतोय, मावा दिसलाय, परवा सकाळी टोळी घेऊन या. औषध कोणतं विचारलं तर तेच, बिनवासाचं.

मुकादमीण गिरणीत गेली. पट्टा फिरत होता, सगळं घर हलत होतं, गिरणीवाल्याच्या पापण्याही पांढऱ्या झालेल्या. तिने ओरडून सांगितलं की पाच गाठी सुटल्याशिवाय बायका येणार नाहीत. त्याने ओरडून सांगितलं की सहाव्या दिवशी कालव्याच्या पाण्याची पाळी आहे, पाणी सोडलं की आठवडाभर शेतात चिखल, तोवर गव्हाला ओंब्या येतील आणि तण बी टाकून मोकळं होईल. म्हणजे निंदणी परवापासूनच, पाण्याआधी होईल तेवढी. नाहीतर दुसरी टोळी बोलावतो, गाडी भरून येतात, कुणी फडकी बांधत नाही. त्याच्यापरीने तो चुकीचा बोलत नव्हता. पाण्याची पाळी काही कुणासाठी थांबत नाही.

ती म्हणाली, मग आधी निंदून घेऊ, नंतर फवारा. पाच दिवसांत उरकते.

तो म्हणाला, अकरा दिवसांचं काम पाच दिवसांत? आणि पाच दिवसांत मावा सगळा रस पिऊन जाईल, त्याचं काय?

तिने विचारलं, किती मावा आहे? मोजलाय?

त्याने गिरणी बंद केली. एवढा राग आल्याशिवाय तो पट्टा थांबवत नसे. म्हणाला, मावा काय मोजायची गोष्ट आहे? बांधावरून दिसतोय, काळं पडलंय. ती म्हणाली, बांधावरूनच दिसणार, मावा आधी कडेलाच बसतो. आत शिरून बघितलंय का?  आत शिरून त्याने बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांत कुणीच बघितलं नव्हतं. शेजाऱ्याच्या पाठीवर पंप दिसला की आपला भरायचा, हीच सगळ्यांची मोजणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा बायका त्याच्या शेतात शिरल्या, निंदायला नव्हे, मोजायला. भिंतीवरच्या त्या दहाव्या कागदात लिहिलं होतं की शेताच्या वेगवेगळ्या जागी मिळून गव्हाची निदान शंभर ताटं बघायची आणि ताटामागे सरासरी दहाच्या वर मावा निघाला तर फवारायचं. मुकादमिणीने हुकूम सोडला की प्रत्येकीने दहा ताटं, दहा जागी, कडेची नाहीत, आणि जितके किडे तितके खडे ओटीत. कात्री म्हणाली, लग्नाआधी नवऱ्याचे गुण मोजले नाहीत आणि आता या वयात उवा मोजतेय. पण मोजले. वाकून, ताट हळूच वाकवून, पानाच्या मागे बघून. बायकांचे डोळे वीस वर्षं त्याच उंचीवर राबलेले. गव्हात काय चाललंय ते त्यांच्याइतकं कुणी जवळून बघितलं नव्हतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

खडे एका जागी ओतले. ताटामागे साडेतीन निघाले. कडेच्या पट्ट्यात वेगळे मोजले, तिथे मात्र तीस-तीस. आणि आतल्या माव्यात कितीतरी फुगून तपकिरी पडलेले, पोकळ. एका बारीक माशीने त्यांच्या पोटात अंडी घातलेली. ठिपक्यांचे लाल किडेही होते, जे मावाच खातात. फवारलं असतं तर मावा मेला असता आणि हेही मेले असते.

गिरणीवाल्याने खड्यांच्या ढिगाकडे बघितलं, मुकादमिणीकडे बघितलं. म्हणाला, आणि दोन दिवसांत वाढला तर? ती म्हणाली, रोज दुपारी मोजून सांगते. दहाच्या वर गेला तर त्याच क्षणी बायका बाहेर काढते, तुम्ही फवारा, आणि पुढच्या वर्षी दुसरी टोळी बोलवा. मी तोंड दाखवणार नाही. तो कबूल झाला, पण कडेचा पट्टा तेवढा आजच मारायचा म्हणाला. तिने मान डोलावली. दिराने कडेचा पट्टा मारला, वाऱ्याकडे पाठ करून, आणि पाच गाठींचं फडकं रोवलं. टोळीला शेताच्या दुसऱ्या टोकाने, ओढ्याकडून, आत घेतलं.

मग अकरा बायकांनी जो सपाटा लावला तो बघण्यासारखा होता. दिवस उजाडायला शेतात, मान वर नाही, गप्पा बंद, कात्रीचीसुद्धा. पहिल्या दिवशी दुपारी साडेतीन. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी ऊन एकदम तापलं, वारा पडला, आणि दुपारी खडे ओतले तर ताटामागे सात.  तिने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा सात. ती खोटं सांगू शकली असती, मोजणी तिचीच होती. तिने गिरणीत जाऊन सातच सांगितले.

चौथ्या दिवशी सकाळी गिरणीवाला स्वतः ओढ्याकडच्या, बिनफवारलेल्या बांधावर आला. बरोबर पंप पाठीवर घेतलेला दीर, टाकी भरलेली. गिरणीवाला बांधावरून म्हणाला की साडेतीनचे सात झाले, उद्या चौदा होतील, बायका बाहेर काढा. मुकादमीण पातीतून म्हणाली की ठरलंय दहाला, सात म्हणजे दहा नाही. तो म्हणाला, शेत माझं आहे. ती म्हणाली, आहे, पण शब्दही तुमचाच आहे. त्याने दिराला हात केला, सुरू कर.

दीर हलला नाही. वहिनी आत होती, भावकीतल्या दोघी आत होत्या. तो नळी हातात धरून नुसता उभा राहिला. गिरणीवाल्याने आवाज चढवून बायकांना सांगितलं की ज्यांना पुढच्या वर्षी काम पाहिजे त्यांनी आत्ता बाहेर या. मुकादमिणीने मागे वळून बघितलं नाही. इथे प्रत्येकीने आपलं आपण ठरवायचं होतं. तिला फक्त ऐकू येत होतं. गव्हातून पाय निघताना खसखस आवाज होतो, तो आवाज होतो का, एवढंच.

आवाज झाला. एकीचाच. कात्री आपली पात सोडून गव्हातून सरळ चालत पुढे आली. मुकादमिणीला वाटलं, गेली. पण कात्री बांधावर चढलीच नाही. फवाऱ्याच्या तोंडाशी, दिराच्या समोर तीन हातांवर येऊन तिने विळा खाली ठेवला, खाली बसली आणि तिथलं गवत उपटायला लागली.

"काढ की फवारा," ती वर न बघता म्हणाली. "आधी माझ्यावर मार. मला वासही येत नाही आणि घामही फार येतो, उकाड्यात बरं वाटेल."

दीर मागे सरला. त्याने पंप पाठीवरून उतरवून बांधावर ठेवला आणि गिरणीवाल्याला म्हणाला, मालक, माझ्या घरात एक बाई आहे जिचे हात मी घालवले. दुसरीचे घालवायचे असतील तर दुसरा पंपवाला बघा. आयुष्यात पहिल्यांदा तो असं मोठ्याने बोलला. आतापर्यंत त्या गोष्टीवर त्याने फक्त विनोद केले होते.

गिरणीवाला तिथेच उभा राहिला.  तेव्हा मुकादमीण पातीतून बाहेर आली, त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, तुम्ही या. माझ्यावर विश्वास नाही ना, नका ठेवू. स्वतः मोजा.

पिठाच्या गिरणीत वीस वर्षं उभा राहिलेला माणूस, त्याची कंबर वाकायची सवय गेलेली. तरी वाकला. पहिल्या ताटाला नऊ निघाले, त्याने विजयाने तिच्याकडे बघितलं. दुसऱ्याला चार. तिसऱ्याला अकरा, पण त्यातले सहा पोकळ. ती शेजारी वाकून दाखवत होती, हा जिवंत, हा मेलेला, हा खाणारा आहे, याला मारू नका. विसाव्या ताटाला त्याने विचारलं की हा काळा, काटेरी, सुसरीसारखा कोण? ती म्हणाली, ठिपकेवाल्या लाल किड्याचं पिल्लू, दिवसाला कितीतरी मावा खातं, कालपर्यंत एवढी नव्हती. पन्नासाव्या ताटाला त्याने कमरेवर हात ठेवला. शंभर ताटं पुरी होईस्तोवर दुपार झाली. ताटामागे साडेसहा.

"कमी झालेत," तो म्हणाला, जणू कुणीतरी त्याला फसवलं होतं.

तो गिरणीकडे गेला. जाताना भरलेली टाकी तशीच बांधावर राहिली. दिराने टाकीतलं औषध ओढ्यात ओतायला म्हणून उचललं, कारण आजवर तो तसंच करायचा, आणि वहिनीने एवढ्या जोरात हाक मारली की बगळे उडाले. शेवटी ते कडेच्या पट्ट्यातच, आधीच फडकं लावलेल्या जागी, पाण्यात पातळ करून संपवलं आणि फडक्याच्या गाठी पुन्हा पाच केल्या.

पाचव्या दिवशी अंधार पडायच्या आत निंदणी उरकली. अकरा दिवसांचं काम पाच दिवसांत. कडेचा पट्टा सोडून बाकीच्या शेतातले भारे बायकांनी घरी नेले, एवढे मोठे की वाटेवरून नुसते भारेच चालत गेल्यासारखे दिसत होते. पाण्याची पाळी आली, शेत भिजलं. पुढे ओंब्या निघाल्यावर गिरणीवाल्याने एकदा अर्धं शेत फवारलंच. मोजलं तेव्हा एका अंगाला बारा निघाले होते, आणि बारा म्हटल्यावर मुकादमीण आडवी गेली नाही. तिचं भांडण औषधाशी नव्हतंच. शेतात तेव्हा बाई नव्हती, कापणीला पुरेसे दिवस होते, आणि मारायचं ते मोजून मारलं होतं. पीक बरं आलं. फार काही जास्त आलं असं नाही, कमीही नाही. दुसऱ्या टोळीच्या मुकादमाला त्या हंगामात दोन बायका दवाखान्यात न्याव्या लागल्या, असं कानावर आलं. मुकादमीण त्याच्याकडे जाऊन नऊ कागदांच्या नकला देऊन आली. त्याने घेतल्या की बांधावर पेटवल्या, कळलं नाही.

टोळी सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरी आली नाही, आणि वाटेत भेटली तरी बोलत नाही.

पुढच्या वर्षी गहू वीतभर झाला असेल, तेव्हा गिरणीवाला तिच्या दारात आला. पहिल्यांदाच आला, त्याआधी नेहमी निरोप यायचा. उंबऱ्यात जाऊ कागद पसरून बसलेली. तो बसला नाही. इकडचं तिकडचं बोलला, पाण्याच्या पाळीबद्दल बोलला आणि मग म्हणाला की मावा दिसतोय म्हणे पलीकडच्या शेतात, तुम्ही कधी मोजायला येताय?

"निंदणी वेगळी, मोजणी वेगळी," मुकादमीण म्हणाली. "मोजणीच्या हजेरीचे पैसे वेगळे लागतील. आणि मोजणीची मुकादमीण ही," तिने जावेकडे बोट केलं. "हिच्या हाताला विळा जमत नाही, पण खडे बरोबर मोजते. तारीख हिच्याशी ठरवा."

गिरणीवाल्याने जावेकडे बघितलं. जाऊ कागदावरून मान वर न करता म्हणाली, मंगळवारी सकाळी या, आणि तुम्हीही मोजायला लागा, म्हणजे लवकर होईल.